दिवाळीपर्यंत तरी त्या गवताला हात लावू नका!

ठाणे-नवी मुंबईत पक्षी म्हटलं की लोकांना फ्लेमिंगोच आठवतात. आठवू देत. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं, कौतुक रास्तच आहे. पण त्यांची खरी गर्दी व्हायला अजून अवकाश असतो, आणि तोवर आपण ऑक्टोबर हीटच्या नावाने बोटं मोडत घरात बसतो. माझ्या मते फिरायला जायचं तर याच दिवसांत. गवळीदेवच्या डोंगराकडे जा, येऊरला जा, नाहीतर कॉलनीमागच्या माळावर जा. दुर्बीण नसली तरी चालतं, सकाळी नऊच्या आत परत या म्हणजे झालं.

येऊरच्या ओढ्यावर हिमालयाकडून आलेला करडा धोबी शेपूट हलवत दगडादगडावर फिरत असतो. तारेवरचा वेडा राघू पकडलेली मधमाशी तारेवर आपटून आपटून तिचा काटा काढतो. पण माझं मन अडकतं ते खुळखुळ्यापाशी. पिवळ्या फुलांचं साधं झुडूप, वाळलेली शेंग हलवली की आतल्या बिया वाजतात. त्याच्या सुकलेल्या काड्यांवर ब्लू टायगर फुलपाखरं अक्षरशः लगडलेली असतात. काळ्या पंखांवर फिकट निळे पट्टे, त्यात नरच जास्त. सोंड काडीवर टेकवून रस ओढत बसतात, बोट जवळ नेलं तरी उठत नाहीत. त्या रसातल्या कडू द्रव्यातून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात, शिवाय अंग कडू झालं की पक्षीही वाटेला जात नाहीत. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच (फुलपाखराच्या बाबतीत जरा विचित्र वाटतं खरं).

संध्याकाळी मैदानावर डोक्याच्या उंचीवरून पिवळसर चतुर घिरट्या घालतात, ते बघितलेत? त्यांतले कितीतरी या मोसमातल्या वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं अभ्यासक मानतात. बोटाएवढा जीव! आणि नोव्हेंबरच्या सुमाराला अमूर ससाणाही भारतावरून आफ्रिकेलाच निघतो, वाटेत याच चतुरांवर ताव मारत.

आता मुद्दा. ऐन याच दिवसांत, दसरा-दिवाळीच्या तोंडावर, आमच्याकडे गवत कापायचं मशीन येतं. दुपारपर्यंत खुळखुळा, टाकळा, रुई सगळं भुईसपाट. टाकळ्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात, रुईवर प्लेन टायगरच्या. गवताच्या बियांवर मुनियांचे थवे उतरायला लागलेले असतात, नेमकं तेव्हाच. याला म्हणे सुशोभीकरण. मग तिथे विकतचं लॉन येतं आणि त्याला रोज टँकरने पाणी!

डासांचं कारण सांगू नका. डास अंडी घालतात साचलेल्या पाण्यात, आणि चतुर तर उलट डास खातात. सापांची भीती मात्र मला मान्य आहे, लहान मुलं खेळतात. तर पायवाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्टा कापा, खेळायची जागा मोकळी करा. बाकीचं बिया झडेपर्यंत राहू द्या, डिसेंबरात वाळलं की खुशाल काढा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे मांडणार असाल तर कळवा, मी येतो.