दहा टक्क्यांच्या खाली गेलेला प्रबंध

पेशवेकालीन बाजारपेठांवर पुण्यात पीएच.डी. करणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा परवा फोन आला. प्रबंधाचा साम्य अहवाल, म्हणजे त्यातला किती मजकूर आधीच्या लेखनाशी जुळतो हे संगणकाने रंगवून दाखवणारा अहवाल, १४ टक्क्यांवर अडला आहे, तो १० च्या खाली आणण्यासाठी वाक्ये कशी फिरवावीत, एवढेच तिला विचारायचे होते. तिच्या खोलीतल्या चारही मुलींचा हाच प्रश्न आहे म्हणे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. त्यामुळे आपल्याकडची सारी चर्चा आकड्यापाशी येऊन थांबते. वास्तविक त्याच नियमांत, श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची मोजणीतून वगळावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. शिवाय दुसऱ्याचा युक्तिवाद शब्द बदलून, नाव न घेता वापरला, तर तो बहुधा बिनबोभाट सुटतो. आणि चोरी तर तीच आहे.

मी राहतो त्या जर्मनीत २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट गेली आणि मंत्रिपदही गेले, तेव्हा वाचकांनी त्यांच्या प्रबंधाचे एकेक पान मूळ मजकुराशेजारी ठेवून दाखवले होते. २०१३ मध्ये शिक्षणमंत्री शावान यांच्यावरही तीच वेळ आली. म्हणजे हा रोग इथेही आहे. मला स्वतःला धडा मिळाला तो माझ्या प्रबंधाचे पहिले प्रकरण लिहिताना. अठराव्या शतकातले एक पत्र मी नंतरच्या एका पुस्तकातून उचलले होते, पण तळटीप मात्र मूळ संग्रहाची दिली होती. मार्गदर्शक बाईंनी एवढेच विचारले, "हे पत्र तुम्ही पाहिले आहे का?" मी पाहिले नव्हते.

म्हणून मी पुण्याला जर्मनीचे उदाहरण देत नाही. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात श्लोकांखाली कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठभेद आहे हे दिलेले आहे. डेक्कन कॉलेजातील संस्कृत कोशाच्या सुमारे १ कोटी चिठ्ठ्यांवर शब्द कुठून घेतला त्याचा पत्ता आहे. वाचकाला मुळापर्यंत पोहोचवण्याची ही रीत आपल्या गावचीच आहे.

बहिणीला मी झोटेरो ही संदर्भांची नोंद आणि सूची ठेवणारी मोफत प्रणाली घ्यायला सांगितली, आणि टिपण काढतानाच पृष्ठक्रमांक लिहायला. मराठी साधनांत एक जास्तीची दक्षता लागते: एकाच लेखकाचे नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये नोंदले, तर सूचीत त्याची दोन माणसे होतात, तसेच शके १८२० छापले असेल, तर ते तसेच ठेवून शेजारी १८९८-९९ लिहावे.

मग अहवालातली रंगवलेली वाक्ये आम्ही एकेक उघडली. बहुतेक ठिकाणी फक्त अवतरणचिन्हे राहिली होती. तीन ठिकाणी मात्र तिने मूळ संग्रह पाहिलेलाच नव्हता. तो भारत इतिहास संशोधक मंडळात मिळतो का, हे पाहायला ती सोमवारी सदाशिव पेठेत जाणार आहे.