तुमच्या रिव्ह्यूला उत्तर: फोनवरचं निदान आमचं चुकलं, आणि टाकीत सध्या एकही मासा सोडू नका

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आज दुकान उघडल्यावर काउंटरवरच्या दोन्ही मुलांना बसवून तो मोठ्याने वाचून दाखवला. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी नेलेल्या दोन क्लाउनफिश आणि ब्लू टँगवर चौथ्या दिवशी पांढरे ठिपके आले, फोनवर आधी एक सल्ला मिळाला आणि मग दुसराच, आणि आठवड्याभरात तिन्ही मासे गेले. वर्षभर तुमच्याकडे सुखात असलेला रॉयल ग्रामाही गेला. तीन आठवड्यांनी दोन नवे मासे सोडले, ते सहा दिवसांत गेले. 'आजारी मासे विकतात आणि जबाबदारी घेत नाहीत' हे तुमचं शेवटचं वाक्य. ग्राम्याबद्दल वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण तो आमच्याकडचा नव्हता आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं.

आधी फोनबद्दल. तुम्ही 'पांढरे ठिपके' म्हणालात आणि आमच्या मुलाने लगेच 'इक आहे, सॅलिनिटी उतरवा', म्हणजे पाण्यातलं मीठ कमी करा, असं सांगितलं. तुम्ही त्याच दुपारी व्हिडिओही पाठवला होता. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्यापैकी कुणी उघडला नाही. मी तो उघडला तेव्हा पहिल्या दहा सेकंदांतच कळलं की हा इक नाही, वेल्वेट आहे. सल्ला बदलला तो म्हणून. पण बदलताना आधीचा का चुकला हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ते आता सांगतो. तुमच्यासाठी उशीर झालाय, तरी हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या माशांना उपयोग होईल.

इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी, माशावर मिठाचे दाणे टाकल्यासारखा दिसतो. दाणे सुटे असतात, मोजता येतात. दुसरा परजीवी वेल्वेट, म्हणजे अ‍ॅमिलूडिनियम, बारीक पिठासारखा किंवा सोनेरी धुळीसारखा असतो. तो मोजता येत नाही आणि पुष्कळदा दिसतही नाही. खोलीत अंधार करून टॉर्च तिरका मारला तर अंगावर मखमलीसारखी झाक दिसते. पण वेल्वेट आधी कल्ल्यांना धरतो. अंगावर धूळ दिसायच्या आतच मासा गुदमरायला लागतो. तुमच्या व्हिडिओत ब्लू टँग वेव्हमेकरच्या (टाकीत पाणी ढकलणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड करून एका जागी पोहत होता, कारण तिथे कल्ल्यांतून पाणी जास्त जातं. एक क्लाउनफिश दिव्यापासून दूर कोपऱ्यात होता. दोघांचीही तोंडं भराभर उघडझाप करत होती. ठिपके अंगावर मोजून दहा-बारा असतील. असे दहा-बारा ठिपके आणि त्याबरोबर एवढा जोरात श्वास दिसला की माझ्या मनात आधी वेल्वेट येतो.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न ठिपक्यांचा असायलाच नको होता. श्वास कसा आहे, मासा खातोय का, उजेडाला टाळतोय का, आणि टाकीतला अमोनिया किती आहे, हे विचारायला हवं होतं. अमोनिया यासाठी, की अमोनिया चढला किंवा ऑक्सिजन कमी पडला तरी मासा असाच धापा टाकतो, आणि तेव्हा औषध ओतलं तर त्याला आणखी त्रास होतो. त्या दिवशी यातलं एकही विचारलं गेलं नाही.

पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (त्यावरून मीठ किती ते कळतं) 1.009 पर्यंत उतरवणं हा इकवरचा जुना उपाय आहे. नीट मोजून आणि टिकवून केला तर बऱ्याचदा लागू पडतो. वेल्वेटवर तो चालत नाही. तो परजीवी निमखाऱ्या पाण्यातही मजेत राहतो. तुम्ही दोन दिवस काटेकोरपणे मीठ उतरवत होतात, आणि त्या दोन दिवसांत तो माशांच्या कल्ल्यांवर वाढत होता. वेल्वेटमध्ये दोन दिवस म्हणजे फार मोठा काळ. ही चूक आमची आहे, तुमची नाही.

आता कॉपर, म्हणजे सल्ला बदलल्यावर आम्ही दिलेलं तांब्याचं औषध. तुम्ही लिहिलंय की कॉपरने मासे मेले. मला वाटतं ते तोवर वाचण्याच्या पलीकडे गेले होते, पण कॉपरच्या बाबतीतही आमच्याकडून एक गोष्ट राहिली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आम्ही दिलेली बाटली चिलेटेड कॉपरची, म्हणजे दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या तांब्याची होती. तुमच्याकडची टेस्ट किट साध्या, आयनिक कॉपरची. ती किट चिलेटेड कॉपर नीट दाखवत नाही, फार कमी दाखवते. तुम्हाला आकडा कमी दिसला म्हणून तुम्ही आणखी थोडं टाकलंत. कुणीही तेच केलं असतं. या प्रकारच्या कॉपरची पातळी साधारण लिटरला 2 ते 2.5 मिलिग्रॅम ठेवतात. त्यापेक्षा कमी असलं तर परजीवी मरत नाहीत, फार जास्त झालं तर मासे मरतात. योग्य किट दिल्याशिवाय ती बाटली काउंटरवरून द्यायलाच नको होती. आता देत नाही.

कॉपर माशाच्या अंगावर बसलेल्या परजीवीला मारत नाही, हेही बाटली देताना सांगायला हवं होतं. तो माशावरून सुटतो, तळाशी कवच करून बसतो, आणि त्या कवचातून पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. कॉपर मारतं ते फक्त या पिल्लांना. म्हणून पातळी एकही दिवस न घसरू देता साधारण 30 दिवस टिकवावी लागते. इकमध्ये तर तीन ते सात दिवसांत ठिपके आपोआप गळतात आणि माणसाला वाटतं मासा बरा झाला. लसूण लावलेलं खाद्य, 'कोरलला चालणारी' औषधं, टाकीत सोडलेली क्लीनर कोळंबी यांचं नाव होतं ते याच काळात. ठिपके गेलेले दिसतात, आणि आठवड्याभराने पाचपट होऊन परत येतात.

'आजारी मासे विकतात' या वाक्यावर मी रात्रभर विचार केला. मासे आमच्याकडे असताना अंगावर काही दिसत नव्हतं, हे खरं आहे. पण तेवढ्यावर मी 'मासे निरोगी होते' असं म्हणणार नाही. आमच्या विक्रीच्या टाक्या एकाच पाण्यावर चालत होत्या आणि त्या पाण्यात आम्ही थोडं कॉपर ठेवत होतो, उपचाराच्या पातळीपेक्षा बरंच कमी. धंद्यात हे पुष्कळ जण करतात. त्याने रोग मरत नाही, दबून राहतो. असा मासा साध्या पाण्यात गेला की चार-पाच दिवसांत सगळं वर येतं. तुमच्याकडे चौथ्या दिवशी आलं. मला वाटतं हेच झालं. गेल्या आठवड्यात आम्ही त्या टाक्यांचं पाणी एकमेकांपासून वेगळं केलं. आता आलेला मासा वेगळ्या टाकीत पूर्ण पातळीच्या कॉपरमध्ये किंवा कॉपरशिवाय निरीक्षणाखाली राहतो, आणि त्याच्या काचेवर काय दिलं आणि कधीपासून हे लिहिलेलं असतं. विचारायचीही गरज पडू नये.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही. तुम्ही लिहिलंय की मोठ्या टाकीत थेट औषध टाकू दिलं असतं तर ग्रामा वाचला असता. ताई, ते मी आजही टाकू देणार नाही. कॉपर कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांना मारतं. शिवाय लाइव्ह रॉक (टाकीतले जिवंत जिवाणूंचे समुद्री दगड) आणि आरागोनाइटची, म्हणजे चुनखडीची वाळू कॉपर शोषून घेतात, त्यामुळे पातळी कधी टिकत नाही, आणि तेच कॉपर पुढे पाण्यात परत सुटू शकतं. मग त्या टाकीत पुन्हा कोरल लावायची म्हटली की भीती राहते. मासे बाहेर काढणं कितीही अवघड असलं, सगळी रचना उकलावी लागली, तरी औषध वेगळ्या, मोकळ्या काचेच्या क्वारंटाइन टाकीतच द्यायचं. त्यात फक्त एक हीटर, स्पंज फिल्टर, हवेचा पंप आणि लपायला पाइपचे तुकडे. अमोनिया रोज मोजायचा. तोही अमोनिया दाबणारं कुठलंही द्रव न टाकता, पाणी बदलून खाली आणायचा, कारण त्यातली काही रसायनं कॉपरला आणखी विषारी करतात.

आता ते नवे दोन मासे. तुम्ही ते आमच्याकडून घेतले नाहीत, तरी मी ज्यांनी ते दिले त्यांना दोष देणार नाही. दोष टाकीचा होता आणि टाकी तशी का राहिली, हे आम्ही सांगितलं नाही. मोठ्या टाकीत तळाशी, दगडांवर, काचेवर ती कवचं अजून होती. तीन आठवडे पुरत नाहीत. वेल्वेट हा माझा अंदाज काचपट्टीने पक्का झालेला नाही, म्हणून इकही धरून चालतो: इकची कवचं प्रयोगशाळेत 72 दिवसांपर्यंत फुटताना आढळली आहेत, म्हणून टाकी 76 दिवस माशांशिवाय ठेवतात. काही जाणकार उबदार पाण्यात सहा आठवडे पुरतात असं म्हणतात. त्यांचा अनुभव असेल, पण सहा मासे गेल्यावर मी कुणालाही सहा आठवड्यांवर सोडणार नाही. कोरल, कोळंबी, गोगलगायी आत राहू द्या. या परजीवींना मासाच लागतो, मासा मिळाला नाही की पोहणारी पिल्लं काही दिवसांत मरतात. आणि क्वारंटाइन टाकी शक्य तितकी दूर ठेवा, दहा फूट तरी. वेल्वेटचा परजीवी पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर हवेतून जातो. जाळी, नळी, ओला हात एकीकडचा दुसरीकडे नको.

तुम्ही शेवटचा मासा फ्रीझरमध्ये ठेवून दुकानात आणला होतात आणि मुलाने 'यातून काही कळणार नाही' म्हणून परत पाठवला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, सांगण्याची पद्धत नाही. गोठल्यावर हे परजीवी फुटून जातात आणि मेलेल्या माशावरून ते लवकर सुटतातही. आणायचाच झाला तर मरून तासाभराच्या आत, पिशवीत घालून, बाहेरून बर्फ लावून आणावा. त्याहून बरं म्हणजे मासा जिवंत असतानाच आणणं. अंगावरचा चिकट थर काचपट्टीवर हलकेच घेऊन मायक्रोस्कोपखाली 100 पट मोठा करून पाहिला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. क्रिप्टोकॅरिऑन संथपणे गोल फिरताना दिसतो. वेल्वेटचा परजीवी थेंबासारखा, गडद आणि न हलणारा. क्लाउनफिशमध्ये ब्रूकलिनेला हा तिसरा परजीवी असेल तर भराभर हलणारे घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे जीव दिसतात, आणि त्यावर कॉपर काम करत नाही. तुमच्या क्लाउनफिशच्या अंगावर सायीसारखे पापुद्रे सुटत नव्हते, म्हणून मी तो बाजूला ठेवला. तरी काचपट्टी पाहिली असती तर अंदाजावर राहावं लागलं नसतं.

आमच्याकडून घेतलेल्या तीन माशांचे आणि कॉपरच्या बाटलीचे पैसे परत घेऊन जा. पावती नसली तरी चालेल. ग्राम्याचेही देणार आहे, त्यावर वाद नको. नवीन मासे मात्र मी तुम्हाला आत्ता देणार नाही, तुम्ही मागितले तरी. शेवटचा मासा टाकीतून निघाला ती तारीख मला कळवा, मी तिथून 76 दिवस मोजून माझ्या वहीत लिहून ठेवतो. तोपर्यंत चिलेटेड कॉपर मोजणारं मीटर तुमच्याकडे ठेवा, आणि पुढचा मासा क्वारंटाइन टाकीत आला की पहिल्या संध्याकाळी व्हिडिओ काढून मला पाठवा. तो मीच उघडेन.