कुठं लिहिलीये ही मेथड?

वाईट लिहिलेला कोड परवडला, पण न लिहिलेला कोड नको. म्हणजे बघा, मेथड (ऑब्जेक्टला जोडलेलं फंक्शन) कॉल होतेय, उत्तर पण येतंय, आणि ती लिहिलीये कुठं म्हणून अख्ख्या प्रोजेक्टमध्ये सर्च मारला तर कॉल करणाऱ्या ओळी ढीगभर सापडतात, डेफिनिशन मात्र एकही नाही. एडिटरला विचारावं तर तो पिवळी रेघ ओढून मोकळा.

जँगोवाल्यांना (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) याची सवय असते. स्टेटस फील्डला चॉइसेस (चालतील त्या व्हॅल्यूंची यादी) दिल्या की गेट_स्टेटस_डिस्प्ले ही मेथड क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, बनतानाच आपोआप चिकटते, डेटाबेसात नुसता 'पी' पडलेला असतो आणि ही बया 'पेंडिंग' म्हणून सांगते. ठीक आहे, निदान डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. रेल्सची (रूबीमधलं तसंच फ्रेमवर्क) तऱ्हा आणखी न्यारी. तिथं फाइंड_बाय_ईमेल मुळात नसायचीच, तुम्ही हाक मारली की मेथड_मिसिंग (मेथड सापडली नाही की रूबी जिला बोलावते ती) धावत यायचं, नावाचे तुकडे पाडायचं, त्यातून कॉलम ओळखायचं आणि क्वेरी करून द्यायचं. पुढं त्यांनाच अती झालं असावं, 2013 च्या रेल्स 4 मध्ये फाइंड_ऑल_बाय वगैरे मंडळींना बाहेरचा रस्ता दाखवला, फाइंड_बाय तेवढी टिकली.

माझ्या वाट्याला आलेलं प्रोजेक्ट पायथनमधलं, खाली झेडओडीबी, म्हणजे ऑब्जेक्ट जसाच्या तसा साठवणारा डेटाबेस. आधीच्या माणसाने (आता तो दुसरीकडे सुखात आहे) एका ऑब्जेक्टवर थेट लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन, डकवला होता. कॉल केला की "सेल्फ (म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) मिळाला नाही" अशी बोंब, कारण फंक्शन क्लासवर ठेवलं तरच पायथन सेल्फ गुपचूप पुरवतो, ऑब्जेक्टवर ठेवलं तर तुमचं तुम्ही बघा. बरं, मेथडटाइपने फंक्शन ऑब्जेक्टला बांधणं वगैरे न करता सेल्फ हातानेच पाठवला, तर कमिटला, म्हणजे डेटाबेसात सेव्ह करताना, पिकल (ऑब्जेक्ट साठवण्याजोगा करणारं पायथनचं साधन) आडवं आलं. पिकल फंक्शनचा कोड साठवतच नाही, फक्त नाव आणि पत्ता लिहून घेतं, आणि लॅम्डाला नाव कुठलं! मग कोणीतरी सुचवलं की अॅट्रिब्यूटच्या (ऑब्जेक्टवर ठेवलेल्या गोष्टीच्या) नावाच्या सुरुवातीला _व्ही_ लाव, झेडओडीबी असली अॅट्रिब्यूट्स सेव्हच करत नाही. लावलं. एरर गेली. आणि ऑब्जेक्ट पुन्हा लोड झाला तेव्हा मेथडपण गेली.

तर मेथड क्लासवरच हव्यात हे ठरलं. तशा काही आधीच होत्या, सापडत नव्हत्या एवढंच, कारण त्या एका लूपमध्ये सेटअॅट्रने (नाव देऊन अॅट्रिब्यूट चिकटवणारं फंक्शन) बनत होत्या: फील्डची यादी, प्रत्येकासाठी आत एक छोटं फंक्शन, आणि नाव 'गेट_' अधिक फील्ड असं जोडून तयार केलेलं. सर्चला सापडणार कुठून, पूर्ण नाव फाईलमध्ये कुठं नाहीच ना. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की लगेच एका ग्राहकाचं नाव विचारलं. पिनकोड आला. ईमेल विचारला, पिनकोड. पत्ता विचारला, पिनकोड, आणि गंमत म्हणजे फक्त पिनकोड विचारला तेव्हा उत्तर बरोबर. आंधळ्या भक्तासारखं एकच नाव जपत बसलेली सगळी फंक्शनं!

त्याचं कारण असं की लूपमधलं फंक्शन फील्डची व्हॅल्यू उचलून ठेवत नाही, ते फक्त व्हेरिएबल धरून बसतं, आणि त्यात काय आहे ते कॉल होताना बघतं. तोवर लूप कधीच संपलेला, व्हेरिएबलमध्ये यादीतलं शेवटचं पोरगं, पिनकोड. उपाय म्हणजे फंक्शनच्या कंसात 'फील्ड=फील्ड' असं डिफॉल्ट देऊन ठेवायचं, म्हणजे ती व्हॅल्यू फंक्शन बनतानाच पकडली जाते. दिसायला अगदी टायपो वाटतो. म्हणून मी शेजारी ठळक कमेंट टाकली की हे मुद्दाम आहे, कृपया काढू नये.

रिव्ह्यूला गेलं. पहिलाच शेरा आला: "कमेंट छान आहे, पण ते फील्ड दोनदा झालंय, एक काढ ना."