वर मान करून

घरात आर्किटेक्चर शिकणारी मुलगी असली की आपण स्वतःच्याच घरात बेकायदा बांधकाम आहोत असं वाटायला लागतं. टीव्हीमागच्या भिंतीला मी हौसेनं लावून घेतलेल्या संगमरवरी कागदाला ती 'खोटारडं मटेरियल' म्हणाली, तेव्हापासून त्या भिंतीला टेकून बसायलाही मला संकोच वाटतो.

यंदा त्यांना एक काम होतं. आखून वसवलेली एखादी जुनी वस्ती निवडायची आणि कुणालाही गाइडशिवाय, एकट्यानं, इमारती बघत फिरता येईल असा नकाशा करायचा. तिनं दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी घेतली. नकाशा झाला, रंगला, चार रात्री जागून झाल्या. मग सर म्हणाले, आता हा एखाद्या सामान्य माणसाच्या हातात देऊन बघा. सामान्य माणूस म्हणून माझी निवड एकमतानं झाली. मत एकच होतं, तिचं.

"अगं, पण माझी मान?"

मला स्पॉन्डिलायटिस आहे. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा अडकवलाय आणि बजावलंय, वर बघायचं नाही. माळ्यावरचं काढायचं नाही, पंखे पुसायचे नाहीत. पंख्यांबाबतची आज्ञा मी शब्दशः पाळते.

"चालू नका म्हणालेत का?" तिनं विचारलं. तसं काही ते म्हणाले नव्हते.

कागदावर चौदा थांबे होते आणि त्यातल्या बारांखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: वर पाहा.

रविवारी सकाळी डोंबिवलीहून निघून आठच्या आत दादर पूर्वेला उतरले. पहिला थांबा टीटी. तिथं वर काही बघायचं नव्हतं, म्हणून तो मी फार मन लावून पाहिला. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम १९६४ साली बंद झाली आणि अजून अख्खी मुंबई त्या जागेला टीटीच म्हणते. आमच्या ऑफिसात मी रिटायर झाल्यावर पंधरा दिवसांत माझ्या खुर्चीचं नाव बदललं होतं.

दुसऱ्या थांब्यावर इतिहास होता. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईतल्याच मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, लोक शहर सोडून पळाले आणि सरकारनं १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. जुन्या गचडीतून रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेला, दादर-माटुंग्याकडे, नवी हवेशीर वस्ती आखायची. रोग येतो तो अंधारातून आणि कोंदट हवेतून, अशी तेव्हाच्या पुष्कळ शहाण्या माणसांची खात्री होती. त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर कराचीत उंदरांच्या अंगावरच्या पिसवांकडे बोट दाखवत होता. त्याचं बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. म्हणजे बघा, निदान चुकलं आणि त्यातून लोकांना फुटपाथ मिळाले, झाडं मिळाली, दोन इमारतींच्या मधून वारा मिळाला. माझं निदान बरोबर आलं आणि मला पट्टा मिळाला.

ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर. उजेड घरात पोचलाच पाहिजे म्हणून त्यांनी ६३.५ अंशांचा नियम लावून धरला. समोर जितकी मोकळी जागा, इमारतीची उंची तिच्या फार तर दुप्पट. म्हणजे तळमजल्यावरच्या माणसालाही वाट्याचं आभाळ दिसतं. मुलीनं ही तिरकी रेघ नकाशावर लाल रंगात काढली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'रस्त्यावर उभं राहून हा कोन अनुभवा.' साडेत्रेसष्ट अंश! माझी मान विसाव्या अंशाला कुरकुरते आणि तिसाव्याला संपावर जाते.

तरी चौथ्या थांब्यावर मी एक तोडगा काढला. मान सरळ ठेवायची आणि कमरेतून मागे वाकायचं. इमारत होती तीन मजल्यांची, कोपऱ्यावर गोलाई घेतलेल्या बाल्कन्यांची, फिकट पिवळी. खिडक्यांवर लांबच लांब छज्जे, ज्यांना आर्किटेक्ट मंडळी भुवया म्हणतात. जिन्याला एक गोल खिडकी, थेट बोटीला असते तशी. ग्रिलमध्ये उगवत्या सूर्याचे किरण. याला म्हणायचं आर्ट डेको. १९२५ साली पॅरिसला सजावटीच्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यावरून हे नाव आलं. पण ते रूढ झालं १९६०च्या दशकात. बांधणाऱ्यांना बिचाऱ्यांना आपण काय बांधतोय ते कुणी सांगितलंच नव्हतं.

गळ्यात पट्टा घातलेली एक बाई फुटपाथवर धनुष्यासारखी वाकून वर बघतेय म्हटल्यावर दूधवाला थांबला. त्यानंही वर पाहिलं. कुत्र्याला फिरवणारे गृहस्थ थांबले, मग कुत्राही थांबला. तीन मिनिटांत आम्ही सात-आठ जण वर बघत होतो.

"घार आहे का?" एकानं विचारलं.

"मांज्यात अडकलीय," दुसऱ्यानं परस्पर सांगून टाकलं.

"फायर ब्रिगेडला केला का फोन?"

मी म्हटलं, "अहो, मी ग्रिल बघतेय." गर्दीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की घार नसल्याबद्दल मलाच ओशाळल्यासारखं झालं.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीतून, बनियनवर टॉवेल टाकलेल्या एका काकांनी हाक मारली. "मॅडम! कुणाकडून आलात?"

"कुणाकडून नाही. अशीच. इमारत बघायला."

हे उत्तर किती चुकीचं होतं ते मला नंतर कळलं. मुंबईत जुन्या इमारतीकडे 'अशीच' बघणारा माणूस अजून जन्माला यायचाय. वर मान करून बघतो तो बिल्डरचा असतो, महापालिकेचा असतो, नाहीतर दलाल असतो. त्यातून माझ्या हातात नकाशा, नकाशावर लाल रेघा. काका दोन मिनिटांत शर्ट घालून खाली आले. त्यांच्यामागून सेक्रेटरी आले, फाइलसकट. दुसऱ्या मजल्यावरून एक वहिनी जिन्यातूनच ओरडत आल्या, "आमची बाल्कनी आत घेतलेली नाहीये हां, ती पहिल्यापासूनच तशी आहे!"

मग मला न विचारता मला सगळं कळलं. इमारतीत दोन तट होते. सेक्रेटरींच्या तटाला पुनर्विकास हवा होता: लिफ्ट, पार्किंग, वाढीव कार्पेट एरिया आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम. काकांच्या तटाला काही नको होतं, फक्त गच्चीचं लिकेज थांबायला हवं होतं. सेक्रेटरी मला समोरच्या पक्षाची समजले, काका मला बिल्डरची. मी कळवळून म्हटलं, "अहो, तुमच्या ग्रिलमध्ये सूर्य आहे, तो बघायला मी डोंबिवलीहून आलेय!"

"कुठे सूर्य?" काका म्हणाले. इमारतीत त्यांचा जन्म झालेला.

ही चर्चा ऐकून तळमजल्यावरच्या एक आजी काठी टेकत रस्ता ओलांडून माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या याच घरात. समोरच्या फुटपाथवरून त्यांनी आपली इमारत बराच वेळ न्याहाळली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, आणि माझाही घसा दाटून आला.

"सुमे!" आजी वर बघून कडाडल्या. "ओली गोधडी परत माझ्या खिडकीवर सोडलीस?"

सुटका करून घ्यायची म्हणून मी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम सांगायला घेतला. मला वाटलं, कंटाळून पांगतील. सेक्रेटरी खरोखरच पांगले. काकांनी मात्र खिशातून पेन काढलं. "म्हणजे मोकळ्या जागेच्या दुप्पट? त्याहून उंच नाही? परत सांगा बरं." मी म्हटलं, हा नियम शंभरेक वर्षांपूर्वीचा आहे. काका म्हणाले, "आमचं पागडीचं भाडं कधीचं आहे?" त्यांनी माझा नंबर घेतला तेव्हा कुठे मला सोडलं.

पुढचा थांबा राजगृह. तिथं मला कुणी काही विचारलं नाही. त्या घरासमोर मान वर करून उभं राहणाऱ्यांची कॉलनीला सवय आहे. १९३०च्या दशकात बाबासाहेबांनी हे घर बांधलं तेच मुळी ग्रंथसंग्रहाला पुरेशी जागा हवी म्हणून. आम्ही फ्लॅट घेताना आधी शोकेसची जागा ठरवली होती. तिथं मी कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि थोडा वेळ नुसतीच उभी राहिले.

आंबेडकर रोड ओलांडणं हा नकाशात नसलेला थांबा. त्यात दहा मिनिटं गेली. पलीकडे पारशी कॉलनी, आणि एकदम आवाजच कमी झाला. मंचरजी जोशी नावाच्या पारशी इंजिनिअरनं ट्रस्टच्या मागे लागून आपल्या लोकांसाठी इथं १०३ भूखंड राखून घेतले. आडनाव वाचून मला उगाचच जवळीक वाटली. कॉलनीला कुंपण नाही, त्यामुळे 'किससे मिलना है' विचारायला कुणी नव्हतं. इमारती बेताच्या उंचीच्या आणि झाडं त्यांच्या बरोबरीला आलेली. त्यामुळे वर बघायला सांगितलं तरी दिसत होती पानंच. एवढ्यावरून मी नऊ ते अकरा हे थांबे एकदम उरकले.

फाइव्ह गार्डन्सला पोचेपर्यंत मानेतून कळा निघत होत्या. कागदावर पुन्हा तेच: वर पाहा. मग माझ्या लक्षात आलं की आडवं पडलं तर समोर बघणं म्हणजेच वर बघणं. चपला काढल्या, पिशवी उशाशी घेतली आणि बाकावर सरळ उताणी पडले. काय सांगू! फांद्या, फांद्यांमधून एका गच्चीची कडा, तिच्या पलीकडे आभाळ. कोन कितीचा होता कोण जाणे, पण ऑरसाहेबांचं म्हणणं मला सकाळपासून पहिल्यांदा पटलं.

जेमतेम पाच मिनिटं. डोळे उघडले तर वर्तुळात पाच चेहरे. एका पारशी बाईंनी माझ्या तोंडावर पाणी मारलं, एकानं ग्लुकोज बिस्कीट पुढे केलं, आणि सकाळचे कुत्रेवाले गृहस्थ कुत्र्यासह मागे उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "या सकाळपासूनच ठीक नाहीत."

तेरा आणि चौदा मी केले नाहीत. माटुंग्याला जाऊन दोन फिल्टर कॉफ्या प्यायले आणि घरी आले.

मुलीनं फोन हातात घेऊन माझे फोटो बघितले. वॉचमनची खुर्ची, पत्रपेट्या, जिन्याच्या लाद्या, विजेचे मीटर, काकांच्या चपला. "आई, पहिल्या मजल्याच्या वर तू काही काढलंच नाहीयेस," ती म्हणाली. मी तिला पट्ट्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यात तिच्या हातातच फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं स्पीकर लावला.

"मॅडम, ओळखलंत ना? बुधवारी संध्याकाळी कमिटीची मीटिंग आहे. ते साडेत्रेसष्टचं लेखी घेऊन याल ना?"

मुलगी खुणा करून 'नाही म्हण' सांगत होती. मीही जोरात नकाराची मान हलवायला गेले आणि पट्ट्याच्या आतून मस्तकापर्यंत कळ गेली.

"आई गंऽऽ!"

"हां, हां, त्यांनाही घेऊन या," काका म्हणाले. "सहा वाजता."