‘समुद्र उशाला, कोरड घशाला’ मेसेजचा हिशोब

नेरुळ-सीवूड्सच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर उन्हाळा लागला की एक मेसेज हमखास फिरतो. सारांश असा: ‘समुद्र उशाला, कोरड घशाला! इस्रायल समुद्राचं पाणी पितो. ठाणे खाडीवर खारं पाणी गोडं करायचा प्लांट टाका. सोलरमुळे वीज फुकट, मीठ विकून खर्च वसूल, प्रदूषण शून्य. टँकर लॉबी होऊ देत नाही.’

टँकरवाल्यांची वकिली करायची मला हौस नाही. बाकीचं मात्र तपासू.

आधी ‘फुकट’ वीज. असा प्लांट म्हणजे घरातल्या आरओचाच मोठा भाऊ. घरातल्या आरओला येतं ते पाणी फार तर काहीशे टीडीएसचं (टीडीएस म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये). समुद्राचा टीडीएस 35 हजारांच्या घरात. ते मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, ढकलायला 55 ते 70 बार दाब लागतो (1 बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). चांगला आधुनिक प्लांटही हजार लिटरमागे 3 ते 4 युनिट खातो. नवी मुंबईत घरगुती 30 हजार लिटर पाणी वर्षानुवर्षं 50 रुपयांत मिळालं. तेवढंच पाणी समुद्रातून काढायला शंभरेक युनिट, म्हणजे 8 रुपये दराने 800 रुपये. मेम्ब्रेन, केमिकल, कर्जाचं व्याज वेगळं. सोलरने दर उतरेल, पण प्लांट रात्रीही चालवावा लागतो.

मिठाची गंमत तर औरच. आरओतून मीठ निघतच नाही, दुप्पट खारट पाणी निघतं. 100 एमएलडी (1 एमएलडी म्हणजे दिवसाला 10 लाख लिटर) गोडं पाणी हवं, तर साधारण 220 एमएलडी समुद्र खेचायचा आणि 120 एमएलडी खारवणी उरणार. त्यात साडेसात हजार टनांवर मीठ, रोज! वर्षाचं धरलं तर देशाच्या मीठ उत्पादनाच्या जवळपास दहाव्या हिश्श्याइतकं एकट्या प्लांटचं. बरं, ते वाळवायचं कुठे? उन्हात दिवसाला 5 मिलिमीटर पाणी उडतं असं धरा, तरी 24 चौरस किलोमीटर मिठागरं लागतील. आणि जून ते सप्टेंबर काय छत्री धरणार?

म्हणजे खारवणी परत पाण्यातच सोडायची. ती जड असते, तळाशी बसते. उघड्या समुद्रात लांब पाइप टाकून, नोझलने फवारून ती पातळ करता येते. चेन्नईजवळ मिंजूरचा 100 एमएलडी प्लांट 2010 मध्ये सुरू झाला, तो उघड्या किनाऱ्यावर. ठाणे खाडी विटावा-कळव्याकडे अरुंद आणि उथळ होत जाते. ओहोटीला तिथे चिखलच दिसतो, पाणी लवकर बदलत नाही. त्याच चिखलावर फ्लेमिंगो चरतात. 2022 पासून खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. उलट बाजूही बघा: गाळ, सांडपाणी, कारखान्यांची घाण, हे सगळं मेम्ब्रेनच्या तोंडी जाणार. त्यामुळे आधीच्या गाळणीचाच खर्च भरमसाट.

इस्रायलचं उदाहरण खरं आहे, पण अर्धंच सांगितलेलं. तो देश आपल्या सांडपाण्यापैकी 80 टक्क्यांहून जास्त शुद्ध करून शेतीला देतो. ते मेसेजमध्ये येत नाही, कारण ‘समुद्र’ ऐकायला भारी वाटतं, ‘गटार’ नाही. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात मीठ समुद्राच्या तुलनेत नगण्य, त्यामुळे वीजही कितीतरी कमी. नवी मुंबई पालिकेचे ऐरोली आणि कोपरखैरण्याला 20-20 एमएलडीचे असे प्लांट आहेत, पाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी. आपल्या सोसायट्यांच्या फ्लशमध्ये मात्र अजूनही मोरबे धरणाचं पिण्याचं पाणी जातंय. ग्रुपवर त्याचा मेसेज कुणी टाकलेला मी तरी पाहिला नाही.