हौसेचा भाव साडेआठ

परवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका पूर्णपणे अनोळखी काकांनी माझ्या वतीने घासाघीस केली आणि खाली आलेला भाव पाचशेने वर नेऊन ठेवला. अजून डोक्यातून जात नाहीये.

गाडी 2011 ची थार, सेकंडहँड. आधीच्या मालकाने रुबाब यावा म्हणून पुढचे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारे पिळाचे दांडे, कसून तिचं नाक वर करून ठेवलेलं. दिसते झकास, पण नाक वर गेलं की पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या अ‍ॅक्सलचे जॉइंट कायम जास्त वाकून फिरतात, त्यांच्यावरचा बूट, म्हणजे घड्यांचं रबरी टोपण, घडीवर चिरतो, ग्रीस बाहेर उडतं आणि आत आपला पावसाळी चिखल जाऊन बसतो. मग सोसायटीच्या गेटातून फुल स्टिअरिंग मारून वळलं की कट् कट् कट् कट्. वॉचमन आधी सलाम ठोकायचा, हल्ली चाकाकडे बघतो. बूट फाटल्या फाटल्या सापडला तर नवा बूट आणि ग्रीस एवढ्यावर भागतं, पण एकदा कटकट सुरू झाली म्हणजे आतल्या गोळ्यांची जागा खराब झालेली असते, तिथे ग्रीस कोंबणं म्हणजे गेलेल्या माणसाला च्यवनप्राश.

दोन्ही बाजूंचे नवे कंपनीचे अ‍ॅक्सल केवढ्याला पडतील हे फोनवर ऐकलं आणि थँक्यू म्हणून फोन ठेवला. त्यात गाडीची पंधरा वर्षं भरतायत. रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी 2022 च्या एप्रिलपासून 600 ची 5000 झालीय, वर फिटनेस. गाडीची तपासणी करा, जरूर करा, पण ज्या रस्त्यावरून तिला तपासणीला न्यायची त्याचा फिटनेस कोण बघतं? आमच्या इथला रस्ता एका बाजूने काँक्रीट होतो तोवर दुसऱ्या बाजूने केबलसाठी खोदतात, आणि गाडी मात्र जुनी म्हणून दोषी. असो.

तर कुर्ला, जुन्या पार्ट्सचा बाजार. तिथे दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, "नमूना लाया क्या?" आणलेला. काळ्या ग्रीसने माखलेला अ‍ॅक्सल पेपरात गुंडाळून रिक्षाने आणलेला. सीट खराब होईल म्हणून रिक्षावाल्याने तो मला मांडीवर घ्यायला लावला. पँट गेली, पण सीट वाचली.

शेठने आतून एक जोडी काढली, कुठल्यातरी ठोकलेल्या गाडीची. मी दांडा एका हातात धरून जॉइंट पिळून बघितला, खेळ नव्हता. बूट दाबून, ताणून बघितले. नमुन्याशेजारी ठेवून लांबी जुळवली, टोकाचे दात मोजले. जोडीचे शेठ साडेआठ म्हणाले, मी सात. ते आठवर आले. मी गप्प राहिलो, आणि शेठची मान साडेसातच्या दिशेने हलायला लागलीय हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला. "काय आहे हे?"

काका वायपर घ्यायला आलेले. पांढरा हाफशर्ट, मांडीवर पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी.

"अ‍ॅक्सल आहे काका. थारचा, पुढचा."

"पुढचा? पुढे कशाला अ‍ॅक्सल? मागची चाकं ढकलतात ना गाडी."

"फोर बाय फोर आहे. चारी चाकांना ताकद जाते."

"राहता कुठे?"

"मुलुंडला."

"मुलुंडला चारी चाकं लागतात?"

शेठ हसले. पोऱ्या हसला. मीही हसलो, कारण साडेसात जवळ होते.

काका मात्र सुटले. "आमच्या खात्यात साहेबांना जीप होती. तिचा पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध लोखंड! हा काय, मधेच संपलाय." मी समजावलं की थारची पुढची चाकं वेगवेगळी वरखाली होतात, म्हणून प्रत्येक बाजूला आखूड दांडा आणि त्याला दोन जॉइंट, एक आत, एक चाकाकडे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुटकाच की."

"नाही हो काका, तो तसाच असतो."

"मग वेल्डिंग का नाही करून घेत?"

आता ह्याला काय बोलायचं? मी शेठकडे वळलो तर काका पिशवीसकट उठून मधे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शेठ, द्या हो ह्यांना कमी करून. भंगारात जायची गाडी, पण माणूस बघा, पैसे घालतोय. मुलुंडला चारी चाकं फिरवतोय! गरज काही नाही, निव्वळ हौस. आणि हौसेला मोल नसतं!"

मान हलायची थांबली. शेठने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं, बुटांपासून वरपर्यंत.

"साढ़े आठ. फायनल."

दिले. दुसरीकडे जायचं तर मांडीवर परत तो नमुना. काकांनी त्याच काउंटरवर वायपरमधून तीस रुपये सोडवून घेतले, शिवाय चहा. मला चहा विचारलासुद्धा नाही! वर काकांनी माझा नंबर घेतला, "असू द्या, जीपवाला ओळखीचा असावा."

अ‍ॅक्सल बसले, कटकट बंद. मेकॅनिकने टॉर्शन बार सैल करून नाक खाली आणलं, नाहीतर हेही बूट फाडून घेशील म्हणाला, आणि उंची बदलली म्हणून अलाइनमेंटचे पैसे वेगळे. रुबाब गेला तो गेलाच.

काकांचे गुड मॉर्निंग रोज येतात. काल खाली मेसेज होता, पावसात माळशेजला नेता का, आम्ही चौघं आहोत, तुमच्याकडे फोर बाय फोर आहे म्हणून विचारलं. माळशेजला डांबरी रस्ता आहे हो काका, एसटी जाते.