बिल बुडवून घेण्याची कला

नवीन ठेकेदार मित्रांनो, बांधकामात पैसे बुडवून घेणं वाटतं तितकं सोपं नाही. मी गिलाव्याची कामं घेतो. नुकतेच एका शेठकडे तीन लाख चाळीस हजार यशस्वीरीत्या बुडवले, त्या अधिकाराने सांगतो.

वर्क ऑर्डर मागू नका. "आपल्यात कागद कशाला?" म्हटलं की लाजून हसा.

जादा काम तोंडीच घ्या. "गच्चीचा पॅरापेट कठडा आतूनही मारून टाक, एक्स्ट्रा आयटममध्ये धरू." धरतात हो. आपल्याला, गृहीत.

मेजरमेंटच्या वहीवर साइट इंजिनिअरची सही घेऊ नका. पुढच्या महिन्यात तो नोकरी सोडतोच.

आणि मुख्य म्हणजे धीर धरा. "बँकेचा हप्ता सुटला की तुझंच पहिलं." मग पितृपक्ष. मग मार्च एंड. मग "ओसी येऊ दे रे", म्हणजे इमारत वापरायला परवानगीचा दाखला. आपण साइट ऑफिसातला कटिंग पीत मान डोलवायची. अशी तीन वर्षं काढा. तीनच, कारण 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे काम झाल्यापासून तेवढ्यात दावा लावावा लागतो. मुदतीच्या आत देणं कबूल केल्याचा सहीचा कागद मिळाला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पण "बघतो रे"ला सही कुठली? परवा माझ्या नोटिशीला चार ओळींचं उत्तर आलं: दावा मुदतबाह्य. तीन वर्षं ज्याला सहीपुरतं पेन सापडत नव्हतं, त्याला वकील आठ दिवसांत सापडला!

इमारतच अडवू म्हणाल, तर तेही विसरा. अमेरिकेत राजधानी वॉशिंग्टन बांधताना, 1791 सालीच, मेरीलँडने कायदा केला: बांधणाऱ्याचं देणं थकलं तर इमारतीवर त्याचा हक्क चढेल. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो तो बँकेचा. पाचव्या मजल्यावर घमेली चढवणाऱ्याच्या वाट्याला नुसतं ओझं.

बास झालं शेठ. तुमच्या जाहिरातीच्या फोटोत ती गुळगुळीत भिंत दिसते ना, ती पावसाआधी उरकायची म्हणून माझ्या पोरांनी हॅलोजन लावून रात्री बारापर्यंत मारली. त्यांचा पगार मी बायकोच्या पाटल्या गहाण टाकून चुकता केला. तुमची नवी गाडी त्याच महिन्यात आली, हार घातलेली, मी बघितली. जरा तरी लाज वाटू द्या. मुदत संपली ती माझ्या दाव्याची. देणं अजून तसंच आहे, विचारा तुमच्या वकिलाला. काढा पैसे.